कावळा लगेच शिवला

अक्का, कावळा लगेच शिवला.

मांडवगणच्या घाटावर पिंड मांडून गुरुजी मागे सरले, लोकही मागे सरले, आणि कुणी पुढे होऊन काही बोलायच्या आत समोरच्या लिंबावरून एक कावळा उतरला. मधल्या पिंडाला त्यानं चोच लावली, भाताचा घास उचलला आणि नदीच्या अंगाला उडून गेला. जमलेल्या लोकांनी एकदम श्वास सोडला. माइक हातात असलेले पुढारी चालू वाक्य तिथेच सोडून म्हणाले, "माउलीची कुठलीच इच्छा मागं राहिली नव्हती. एवढ्या लवकर कावळा शिवणं ही पुण्याई आहे." पुष्कळांनी माना डोलावल्या.

त्या घाटावर बहुतेक रोज कुणाची तरी दशक्रिया असते. तिथले कावळे माणसांना सरावलेले आहेत. भात कधी मांडतात, लोक कधी मागे सरतात, हे त्यांना ठाऊक आहे. घाटावर येणाऱ्यांनाही हे कळतं. तरी सगळे कावळ्याचा शब्द अखेरचा मानतात. तुझी एक इच्छा मागे राहिली होती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती माझा हात धरून पायरीवर उभी होती. तेरा वर्षांची, पायांत आधाराचे बूट घातलेली तुझी तनू. आणि ती हसत होती.

कावळा उडाला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे आधीच लिहून टाकते. चार परिच्छेदांनंतर लिहायचं म्हटलं तर मी ते गाळीन.

गेली कित्येक वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलेल्या माणसांवरचे असे मजकूर तपासते आहे. त्यात माणूस कुठे जन्मला, किती शिकला, मागे कोण कोण आहे, हे क्रमानं येतं. तुझं ते सगळं तुझ्या सासरच्यांनी फलकावर छापलं आहे. मांडवगणच्या चौकात तो फलक आहे. फोटोत तू लग्नातल्या शालूत आहेस. फोटोतून तनूला कापलं आहे, पण तुझ्या खांद्यावरची तिची बोटं राहिली आहेत. कापणाऱ्याला ती बहुधा शालूचा काठ वाटली.

आपल्या आप्पांच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता, आठवतं? यवतच्या आपल्या घाटावर ऊन चढत होतं. लोक रुमालानं मान पुसत होते. एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलत होता. चुलत्यांनी सांगितलं, बांधावरून भांडणार न्हाई. मामांनी सांगितलं, आईला अंतर देणार न्हाई. कावळे लिंबावरच बसून राहिले. मग बायकांच्या घोळक्यातून तू पुढे आलीस. बायकांनी पुढे यायचं नसतं, म्हणून कुणीतरी तुला मागे ओढलं. तू हात सोडवून घेतलास, माझ्याकडे बोट केलंस आणि म्हणालीस, "आप्पा, हिच्याकडं मी बघते. जावा तुम्ही."

कावळा उतरला. तेव्हाही तो भुकेनंच उतरला असणार. पण तुला ते मान्य नव्हतं. "माझ्या शब्दाला आला," असं तू जन्मभर सांगत राहिलीस. आणि शब्द दिला म्हणून बघितलंसही. मी पुण्याला वसतिगृहावर होते तेव्हा मांडवगणहून निघणाऱ्या एसटीत तुझा डबा यायचा. कंडक्टरच्या सीटखाली पिशव्यांची रांग असायची, त्यात आपली निळ्या कापडाची. भाकरी गार झालेली असायची. मी फोन करून तक्रार केली तर तू म्हणायचीस, "गरम पायजे तर हितं ये. एसटीला काय चूल हाय व्हय?"

तनू त्याच काळात झाली. तिनं मान उशिरा धरली. दूध ओढताना ती दमायची आणि मध्येच झोपायची. अंग इतकं सैल की उचलताना हातातून निसटेल असं वाटायचं. घरातल्यांना तिचे कान मात्र आवडले होते. मोठे, पुढे आलेले. तुझ्या सासूबाई आल्यागेल्याला दाखवायच्या, "गणपतीचं कान हायती माझ्या नातीचं. नशीब काढंल." त्या कानांमुळे पहिलं वर्ष निभावलं. बसायला उशीर झाला तर लोक म्हणायचे, अंगानं जड हाय. बोलायला उशीर झाला तर म्हणायचे, हिच्या बापानंबी उशिरा तोंड उघडलं होतं. मग एकदा तिला फिट आली, आणि लोकांचं म्हणणं थांबलं.

पुण्याच्या रुग्णालयात आनुवंशिक आजारांच्या विभागातल्या डॉक्टरबाईंनी तिला तपासलं तेव्हा मी तुझ्यासोबत होते. त्यांनी टेपनं डोक्याचा घेर मोजला. दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं, तळहात उघडून रेषा पाहिल्या. मग त्या शिकाऊ डॉक्टरला एकेक गोष्ट सांगू लागल्या आणि तो लिहीत गेला. कपाळ उंच. कान मोठे, पुढे झुकलेले. तोंड रुंद, वरचा ओठ पातळ. स्नायू सैल. कणा किंचित एका बाजूला. बोलणं नाही. मला ती भाषा ओळखीची वाटली. माझ्या कामाची भाषा तशीच असते.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "डॉक्टरबाई, सगळं उणंच लिहिताय. एखादं चांगलं पण लिहा की."

"काय लिहू?" त्यांनी मनापासून विचारलं.

"पाणी दिसलं का टाळ्या वाजवती. आन् झाकण फिरवती. आमच्या घरात कुणाला येवढं गरागरा फिरवता येत न्हाई."

त्यांनी शिकाऊ डॉक्टरकडे पाहून मान हलवली. त्यानं लिहिलं की नाही, मला दिसलं नाही.

तपासणीचं उत्तर यायला बरेच आठवडे लागले. एका गुणसूत्राचं टोक गळालेलं होतं आणि त्याच्या लगतचा भाग दुप्पट झालेला होता. असं फार थोड्या मुलांमध्ये आढळतं, डॉक्टर म्हणाल्या. तुमचे आणि यजमानांचे नमुने ठीक आहेत. हे तुमच्याकडून आलेलं नाही, त्यांच्याकडूनही नाही. तनूच्या वेळीच नव्यानं घडलं आहे. कुणाच्या खाण्यानं, चुकीनं, पापानं घडत नाही.

"म्हंजी दोष कुणाचाच न्हाई?" तू विचारलंस.

"कुणाचाच नाही."

"मग येवढं मोठ्या अक्षरात लिहून द्या. सासूबाईंना वाचता येत न्हाई, पर अक्षर मोठं असलं का इस्वास बसतो."

डॉक्टर हसल्या. मग तू पुढचा प्रश्न विचारलास. "ह्या आजाराला नाव काय?"

त्यांनी आकडे आणि इंग्रजी अक्षरं असलेला एक संकेत सांगितला. तू तो दोनदा म्हणून पाहिलास. "ह्ये तर गाडीचा नंबर वाटतोय," तू म्हणालीस. तुझी अडचण खरी होती. एसटी स्टँडवर, हळदीकुंकवात, दळणाच्या रांगेत बायका विचारतात, काय झालंय पोरीला. नाव सांगितलं की लोक पुढे सरकतात. नाव नसलं की त्यांना वाटतं, लपवतीय.

परतीच्या गाडीत तू मला म्हणालीस, "तू रोज लोकांना समजंल असं लिहितीस ना? मग मला समजव." मी वर्तमानपत्राचंच उदाहरण दिलं. समज, रोजचा अंक आहे. छपाईत त्याचं शेवटचं पान पडलं, आणि त्याच्या आधीचं पान चुकून दोनदा लागलं. बाकीचा अंक जसाच्या तसा आहे. पण वाचणाऱ्याला मध्येच अडखळायला होतं. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. पाटस गेल्यावर म्हणालीस, "अंक तर घरी आला ना? मग वाचायचा." पुढच्या वेळी मी मांडवगणला आले तेव्हा स्टँडवरच्या एका बाईला तू तेच उदाहरण देत होतीस, स्वतःचं असल्यासारखं. त्या बाई म्हणाल्या, "मग रद्दीत तर घालत न्हाई ना कोण?" तू म्हणालीस, "घालून तर दावा."

तुझं माझं भांडण याच्या बऱ्याच नंतरचं. मी दुर्मीळ गुणसूत्रदोष असलेल्या मुलांवर लेख लिहिला होता. डॉक्टरांशी बोलले, पालकांशी बोलले, लक्षणं नीट तपासून घेतली. तनूबद्दलचा भाग 'शिरूर तालुक्यातील एका मुलीच्या बाबतीत' असा सुरू होत होता. तू तो अंक दाजींकडून वाचून घेतलास आणि मला फोन केलास.

"एक मुलगी?" तू म्हणालीस. "त्याच पानावर कबड्डीत जिंकल्याल्या पोरींची नावं हायती, फोटो हायती. माझीच तेवढी एक मुलगी?"

मी नियम सांगितला. आजारी मुलांची नावं छापत नाहीत. त्यांच्या भल्यासाठीच आहे ते.

"तिचं भलं मी बघते. तुला लाज वाटती का, ते सांग."

"नियम आहे, अक्का."

"मी नियम न्हाई इचारला."

मी आजही म्हणते की नियम बरोबर आहे. कुणाच्याही मुलाचं नाव मी असंच राखीन. तू आजही ते मानलं नसतंस. पुढे आपण भेटलो, जेवलो, हसलो, पण त्या फोनवरून पुढे कधी गेलो नाही. प्रश्न तसाच राहिला आणि तू उत्तर न घेता गेलीस.

त्या लेखात आणखी एक गोष्ट होती. छापायच्या वेळी नव्हती. ती दौंड स्टेशनवरची.

तुम्ही दोघी पुण्याला येणार होता आणि मी बातमीच्या कामानं दौंडलाच होते, म्हणून फलाटावर भेटलो. गाडीला वेळ होता. तनू बाकावर बसून पाय हलवत होती. अचानक ती खळखळून हसायला लागली. शेजारी एक गृहस्थ बसले होते, तेही हसले. "काय आनंदी पोर आहे," ते म्हणाले. मलाही बरं वाटलं. तू मात्र हातातली पिशवी टाकून खाली बसलीस आणि तिचा बूट ओढून काढलास. घोट्याला आधार देणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यात मोज्याची घडी अडकली होती. टाचेला फोड येऊन फुटला होता.

"ह्ये हसू न्हाई," तू म्हणालीस. "ह्ये तिचं रडणं हाय. खरं हसती तवा तिचं डोळं मिटत्यात. आत्ता बघ, टक्क उघडं हायती."

मी वाकून पाहिलं. डोळे उघडे होते. तोंड हसत होतं आणि डोळे तुझ्यावर खिळलेले होते. तू घडी मोडलीस, फोडावर रुमाल बांधलास, तिची पावलं तुझ्या मांडीवर घेतलीस. थोड्या वेळानं हसणं थांबलं. गृहस्थ उठून दुसऱ्या बाकावर गेले. तू त्यांच्या पाठीकडे बघून म्हणालीस, "त्यांची काय चूक? समदी हसणाऱ्या तोंडाकडंच बघत्यात."

मी ते लेखात लिहिलं. पान लावताना मजकूर जास्त झाला. लक्षणं वैद्यकीय होती, ती कापता येत नव्हती. स्टेशनचा प्रसंग कापला. चांगल्या संपादकानं तेच केलं असतं. पण एकदा कापलेलं मी लक्षात ठेवत नाही. कामाची सवय आहे ती.

तुझ्या आजारात काही करण्यासारखं फार थोडा वेळ होतं. आधी कावीळ म्हणाले, मग यकृत म्हणाले, मग कुणी काही म्हणालं नाही. मी पोचले तेव्हा तुझ्या नाकात नळी होती. तू बोटानं हवेत एक गोल काढलास. मला वाटलं, पाणी हवंय. नर्सला वाटलं, पंखा हवाय. आता वाटतं, तू झाकण फिरवत होतीस. खात्री देत नाही.

अंत्यविधीनंतर मी कामावर परतले आणि दशक्रियेच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा मांडवगणला आले. शेजारच्या बायका ओसरीवर बसल्या होत्या. तनू त्यांच्यामध्ये, भिंतीला टेकून, हसत होती. एकीनं मला जवळ घेतलं आणि कानात सांगितलं, "आई गेल्यापासनं असंच चाललंय बघ. हसतीय आपली. येका परीनं बरं हाय. तिला काय कळतंय?" मी मान हलवली. मलाही ते एका परीनं बरं वाटलं.

सकाळी तिला मी तयार केलं. केस विंचरले, फ्रॉक घातला, प्लास्टिकचे साचे पायांवर बसवून बूट घातले, पट्टे ओढले. ती हसली. मी म्हणाले, शहाणी आहेस.

घाटावर माणूस भरपूर होतं. पुढारी बोलत होते, मधूनमधून माइक शिट्टी मारत होता. तनूचं हसणं त्या सगळ्याच्या वर ऐकू येत होतं. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघायला लागली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "कोण हसतंय रं?" दुसरा म्हणाला, "तिचीच पोरगी. जाऊ दे." मला लाज वाटली. मी तिला गाड्यांच्या मागे नेलं आणि रुमालाची घडी करून तिच्या तोंडावर धरली. हलकेच धरली, श्वास कोंडणार नाही अशी. ती रुमालाच्या आत हसत राहिली. रुमाल ओला झाला. पिंड मांडताना आम्ही परत पायरीवर आलो, तेव्हा ती दमून हळू हसत होती. तिच्यासाठी कुणीतरी बोलायला हवं, असं सगळ्यांच्या डोळ्यांत होतं. काही जण माझ्याकडे बघत होते. मी मावशी. मावशीकडेच बघतात. आणि तेवढ्यात कावळा आला.

जेवणं उरकल्यावर घरातली माणसं ओसरीत बसली. दाजी भिंतीकडे तोंड करून होते. कोरेगाव भीमाजवळच्या कंपनीत त्यांना पुढच्या आठवड्यापासून पुन्हा शिफ्टला जायचं होतं. त्यांच्या थोरल्या भावानं, आबांनी, विषय काढला.

"तू पेपरात हायस," ते मला म्हणाले. "तुझ्या वळखी असत्याल. येखादी चांगली संस्था बघ हिच्यासाठी. तिथं हिच्यासारखीच पोरं असत्यात. जीव रमंल."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "कुणाचा जीव रमंल म्हणतूस रं आबा? तिचा का आपला?"

"आई, तसं न्हाई गं."

"तसंच हाय. माझं गुडघं धड असतं तर म्या कुणाला इचारलं नसतं. गणपतीचं कान म्हणून मिरवलं, आता गणपती बोळवाय निघालाव."

दाजींनी भिंतीकडे बघतच सांगितलं, "करा फोन. इचारून ठिवायला काय जातंय."

मी एका संस्थेत फोन केला. ओळखीतून नंबर मिळाला होता. फोनवरच्या बाई शांतपणे बोलत होत्या. त्यांनी विचारलं ते मी सांगत गेले. निदान सांगितलं, गळालेला भाग, दुप्पट झालेला भाग. स्नायू सैल, आधारानं चालते. कण्याला बाक. फिट लहानपणी, आता औषधावर आटोक्यात. दोन-तीन शब्द बोलते. अन्न मऊ लागतं. माझा आवाज स्थिर होता. ओसरीतली माणसं ऐकत होती आणि मला वाटतं, त्यांना माझं कौतुक वाटत होतं. तनू माझ्या शेजारी बसून माझं मनगट धरून होती. तिच्यापुढे, तिच्याबद्दल, मी तपासणीच्या कागदासारखी बोलत होते.

"स्वभाव?" बाईंनी विचारलं.

"आनंदी आहे. सारखी हसते."

"बरं. आणि दुखलंखुपलं तर कसं सांगते? आमच्याकडच्या बऱ्याच मुलांना ते दाखवता येत नाही. म्हणून आम्ही आईला हे आधी विचारून घेतो. रात्री आमच्या ताईंना कळायला हवं ना."

मी तनूकडे पाहिलं. ती हसत होती. डोळे टक्क उघडे होते आणि माझ्यावर खिळलेले होते.

"हॅलो?" बाई म्हणाल्या. "ऐकू येतंय का?"

"हसते," मी म्हणाले.

"हसते म्हणजे?"

"दुखलं की हसते. डोळे उघडे ठेवून."

मग त्या म्हणाल्या, "हे सांगितलंत ते बरं केलं. हे कुठल्याच कागदात येत नाही." मी त्यांना म्हणाले, नंतर बोलते. फोन ठेवला आणि खाली बसून तिचे बूट काढले.

मोजे घातलेच नव्हते. साच्याखाली मोजा लागतो, तो सुरकुती न पडता ओढून घालायचा असतो, हे मी दौंडच्या फलाटावर पाहिलं होतं. सकाळी घाईत ते मला सुचलं नाही. दोन्ही टाचा सोलवटल्या होत्या. घाटाच्या पायऱ्या ती त्यांवरच चढली आणि उतरली होती. मी तिच्या तोंडावर रुमाल धरला होता तेव्हाही ती त्यांवरच उभी होती.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

मी टाचा दाखवल्या. आबा उठून बाहेर गेले. दाजी पहिल्यांदा भिंतीपासून वळले. घरात मलम होतं, ते कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. चार डबे उघडून त्यांनी शोधलं. मी टाचा पुसल्या, मलम लावलं, सुती कापडाची पट्टी बांधली. तू घेतली होतीस तशी तिची पावलं मांडीवर घेतली. आता थांबेल म्हणून वाट पाहिली.

हसणं थांबलं नाही.

बराच वेळ मी तिचे डोळे बघत बसले. ते माझ्यावरून दाराकडे जात होते, दारावरून चुलीकडे, आणि परत माझ्याकडे येत होते. शेजारच्या बायका म्हणाल्या होत्या, आई गेल्यापासून असंच चाललंय. बरोबर सांगितलं होतं त्यांनी. ऐकणारीनं बातमी चुकीची लावली. घरात सगळ्यांच्या आधी ती रडायला लागली होती, सगळ्यांच्या नंतरही रडत होती, आणि आम्ही सगळे तिला बघून म्हणत होतो, बरं हाय.

सासूबाईंना मी दौंडची गोष्ट सांगितली. त्यांनी पदर तोंडावर घेतला. "म्हंजी दहा दिस पोर..." एवढंच म्हणाल्या आणि सरकत सरकत येऊन तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

मी दाजींना म्हणाले, "तिला मी घेऊन जाते."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

दाजी नाही म्हणतील असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तेव्हाही मनाचा एक कोपरा त्याचीच वाट बघत होता. तो कोपरा अजून आहे. ते आत गेले आणि तिची औषधं, कपडे, मोजे एका पिशवीत भरून आणले. मोजे सगळे एकत्र ठेवले होते. "तिला झाकणं लागत्यात," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघरातून दोन झाकणं आणून वर ठेवली. त्यातलं एक माझ्या वसतिगृहाच्या डब्याचं होतं. कडेला ठेचलेलं, तरी फिरतं.

निघताना आम्ही तुझ्या फलकाजवळून गेलो. तनूनं गाडीच्या काचेला हात लावला. मी गाडी थांबवली नाही. थांबवायला हवी होती का, ते सांगायला तू नाहीस. असे प्रश्न रोज येतात. भात किती मऊ. आंघोळीचं पाणी बघून टाळ्या वाजवते तेव्हा तिला किती वेळ वाजवू द्यायच्या. तुला हे सगळं माहीत होतं आणि मी कधी विचारलं नाही. मी तुला लक्षणं विचारत असे.

तुला वाटेल की लाज गेली असेल. गेलेली नाही. काल इमारतीच्या जिन्यात ती हसायला लागली. वरच्या मजल्यावरच्या बाई थांबल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "किती गोड हसते." मी आधी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग त्या बाईंकडे बघून सांगायला हवं होतं की ही रडतेय. मी सांगितलं नाही. हो म्हणाले, आणि तिला घरात घेऊन आले. मोज्याची घडी नव्हती. बूट ठीक होते. म्हणजे ते रडणं तुझ्यासाठी होतं.

लेखातल्या नियमाबद्दल. तो नियम मी बाकी सगळ्यांसाठी पाळीन. इथे तो पाळत नाही, कारण तू मला नियम विचारला नव्हतास. तिचं नाव तन्वी आहे. शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याची. कान मोठे, तोंड रुंद, स्नायू सैल, झाकण उत्तम फिरवते.

आप्पांच्या पिंडापुढे तू जे म्हणालीस, ते मला घाटावर म्हणायचं होतं. कावळा शिवून गेल्यावर ते म्हटलं तर त्याला शब्द दिला असं कुणी मानत नाही. तू याला बातमी समज. माझ्याकडच्या बातमीत मी आजवर एवढंच पाहिलं आहे की छापून आलं की नाकारता येत नाही.

तनूकडं मी बघते, अक्का. आत्ता ती समोर बसली आहे. झाकण फरशीवर फिरतं आहे, आणि तिचे डोळे मिटले आहेत.